आमचे तात्या : बार्शी लाईटचे गार्ड आणि त्यांचा गोतावळा

माणगंगा

गेल्या महिन्यात आमचे आजोबा गेले. वय ९४. घरात सगळे त्यांना तात्या म्हणायचे, आम्ही नातवंडंही. तेराव्याला इतकी माणसं आली की आम्ही चुलत भावंडं एकमेकांना विचारत होतो, हे कोण, ते कोण. निम्मी माणसं नात्यातली नव्हती, जातीतली नव्हती, काही तर धर्मातलीही नव्हती. पण प्रत्येकाकडे तात्यांची एखादी आठवण होती आणि ती आमच्याच घरातल्या कुठल्या तरी गोष्टीशी जोडलेली होती. वंशावळीच्या कागदावर या माणसांना जागा नाही. मोठे काका आता सत्तरीकडे झुकलेत, धाकट्या आत्याला अजून सगळं लख्ख आठवतं. त्या दोघांकडून ऐकलेलं आणि तात्यांनी स्वतः सांगितलेलं इथे लिहून ठेवतेय.

तात्यांचा जन्म १९३१ चा, सांगोल्याजवळच्या एका खेड्यात. माणदेशात पाऊस पाहुण्यासारखा. घरी जमीन होती, पण तिच्यावर पोट भरायचं नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाल्यावर १९५१ साली ते बार्शी लाईट रेल्वेत चिकटले. तेव्हा ती अजून विलायती कंपनीची होती. १९५४ साली सरकारने घेतली. लहान रूळ, अडीच फुटी. मिरजेहून कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत पंढरपूर, मग कुर्डुवाडी, पुढे बार्शी आणि लातूर. आधी खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, मग ब्रेक्समन, मग परीक्षा देऊन गार्ड. कुर्डुवाडीला क्वार्टर मिळालं, लग्न झालं, पाच मुलं झाली. माई, म्हणजे आजी, पंढरपूरच्याच. माळकरी घर, एकादशी चुकवायच्या नाहीत.

गार्डाच्या डब्यात तात्यांची लाईन बॉक्स असायची. पत्र्याची काळी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव. आत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, शिट्टी, कांदा-भाकरीचं फडकं आणि शाईची पेन्सिल. ही पेन्सिल जिभेला लावून लिहिली की अक्षर जांभळं उमटतं. ड्युटीच्या नोंदी तिने करायच्या. पण त्या पेन्सिलीने तात्यांनी आणखी एक काम केलं.

सांगोल्याला इंजिन पाणी घ्यायला थांबायचं. तिथे फलाटावर एक म्हातारी पेरू आणि सीताफळं विकायची. तिचा एकुलता मुलगा सैन्यात होता. त्याचं कार्ड आलं की गावात वाचून दाखवणारे होते, पण मग अख्ख्या गावाला कळायचं, सून काय म्हणते, पैसे किती पाठवले. म्हणून ती कार्ड पदरात बांधून गाडीची वाट बघायची. इंजिनाची टाकी भरेपर्यंत तात्या ब्रेकच्या, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या, पायरीवर बसून वाचायचे आणि ती सांगेल तसं उत्तर लिहायचे. ती सांगायची ते शब्दाला शब्द लिहायचे, अगदी "तुज्या बापावाणी तिरसट वागू नगंस" हेसुद्धा. १९७१ च्या लढाईत बरेच दिवस कार्ड आलं नाही. त्या काळात तात्या सुट्टीच्या दिवशीही त्या गाडीने सांगोल्यापर्यंत जाऊन यायचे, कारण म्हातारी गाडीला येणार आणि कुणीतरी तिच्याशी चार शब्द बोलायला हवं. मुलगा सुखरूप परतला. तेराव्याला काठी टेकत जे गृहस्थ आले आणि कुणाशी न बोलता तात्यांच्या फोटोला कडक सॅल्यूट करून उभे राहिले, ते हे.

आता मुख्य माणसाकडे येते.

मिरजेत सतार-तंबोरे होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या आजूबाजूच्या शेतांतून येतात. कडू भोपळा, खायचा नव्हे. वाळला की टणक, पण एक धक्का बसला की तडा. तो मालडब्यात टाकला तर मिरजेपर्यंत निम्मा माल फुटलेला. सतारमेकर गल्लीतले एक तरुण कारागीर एकदा पंढरपूरच्या फलाटावर भोपळ्यांच्या ढिगाशेजारी डोक्याला हात लावून बसले होते. तात्यांनी पार्सलची पावती करायला लावली, मग भोपळे स्वतःच्या डब्यात घेतले, खाली कडबा पसरला आणि वाटेत प्रत्येक स्टेशनात वाकून बघत मिरजेला नेले. एकही फुटला नाही. तेव्हापासून हंगामात हे ठरूनच गेलं. मिरजेत गाडी शिरली की ते हाक मारायचे, "क्या गार्डसाब, आज कित्ते लाये?" आमच्या घरात त्यांना सगळे चाचा म्हणतात. वडिलांनी त्यांना चाचा म्हटलं, आम्हीही चाचाच म्हणत आलो.

चाचांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचं काम कमी झालं आणि तेच हात वाद्यांकडे वळले. तात्यांना गाण्यातलं काहीच कळत नव्हतं. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रामगृहात, विश्रांती घ्यायची सोडून ते चाचांच्या दुकानात जाऊन बसायचे. चाचा जवारी लावत असायचे. घोडीवर तार जिथे टेकते तो भाग कानसीने इतका हलका घासायचा की डोळ्याला फरक दिसत नाही, फक्त कानाला कळतो. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तात्या म्हणायचे, "तासभर तो एक शब्द बोलायचा नाही आणि मीही नाही. मला तिथं बरं वाटायचं."

मग आला १९७४ चा मे महिना. ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, सतरा लाखांवर कामगारांचा म्हणतात. तात्या युनियनचे पुढारी नव्हते, पण संपात होते. २७ मेला संप मागे घेतला गेला आणि जे हजारो लोक कामावरून कमी झाले त्यांत तात्यांचं नाव लागलं. पगार बंद, क्वार्टर सोडायचं, पाच मुलं, त्यातली धाकटी आत्या कडेवरची. १९७२ च्या दुष्काळाने गावाकडची जमीन आधीच मोडीत निघाली होती. भावकीत जाऊन विचारलं तर उत्तर आलं, आमचंच भागत नाही. ते खोटं नव्हतं. तात्यांनी त्याबद्दल कधी कुणाला बोल लावला नाही.

चाचा कुर्डुवाडीला आले. तात्यांच्या भाषेत सांगायचं तर "सांत्वन बिंत्वन काही नाही." म्हणाले, "दो खोल्यां खाली हैं, सामान बांधो." आणि पाठोपाठ म्हणाले, "काम भी है. बैठ के खाना तुमको जमने का नै."

तर आमचं सगळं घर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत आलं आणि तिथे तीन वर्षं राहिलं. तात्या त्रेचाळिसाव्या वर्षी भोपळे घासायला शिकले. भोपळा पाण्यात भिजत ठेवायचा, नरम झाला की तोंड कापायचं, आतला वाळका गर आणि बिया खरवडायच्या, मग आतून काटक्यांचा ताण देऊन तोंड हवं तेवढं रुंद करून वाळवायचा. पाहिजे तेवढाच ताण. जास्त दिला की महिन्याभराची मेहनत फुकट. गर इतका कडू की हात तोंडाला लागला तर दिवसभर जेवण जात नाही. मोठे काका शाळा सुटल्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करायला बसायचे. त्यांच्या बोटांना तो वास अजून आठवतो म्हणतात.

१९७७ ला सरकार बदललं. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात कामावरून काढलेल्यांना परत घ्यायचा निर्णय झाला. तात्या पुन्हा गार्ड झाले. १९८९ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले ते त्याच लाईनवरून. पण घर त्यांनी मिरजेतच केलं, कुर्डुवाडीला कुटुंब परत नेलंच नाही. कारण मुलं तिथे रुळली होती आणि धाकटी आत्या चाचांच्या दुकानात बसून गाणारे लोक ऐकता ऐकता स्वतः गुणगुणायला लागली होती. ती पुढे रीतसर शिकली. तिचा तंबोरा चाचांनी केलेला आहे आणि त्याचा भोपळा तात्यांनी घासलेला. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात संगीतसभा होते, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. तात्या पाचही मुलांना घेऊन रात्रभर तिथे बसायचे. स्वतः डुलक्या काढायचे, पण उठून जायचे नाहीत.

चाचा २००९ ला गेले. त्याच सुमारास तात्यांची लहान लाईनही संपली, मिरज-पंढरपूर मोठी झाली. तात्या या दोन गोष्टी एकाच दमात सांगायचे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी गेली, जलदूत. तेव्हा ८५ वर्षांचे तात्या हट्टाने म्हणाले, मला स्टेशनात न्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. तात्या कुणाच्याही मध्ये न येता कडेला उभे राहिले आणि मागच्या डब्यातल्या गार्डाकडे बघत हात वर केला. तोही ड्युटीवर होता, त्यानेही केला. परत येताना रिक्षात सांगत होते, बहात्तर साली ह्याच वाटेने मी मिलो नेला होता. मिलो म्हणजे ती लाल अमेरिकन ज्वारी, ज्यांनी खाल्ली त्यांना सांगायला नको.

२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांच्या नातवाने पहिला फोन आईवडिलांना केला आणि दुसरा तात्यांना. हे मला त्याने स्वतः तेराव्याला सांगितलं. तात्यांनी त्याला एवढंच विचारलं म्हणे, "भोपळे येतायत का रे वेळेवर?"

अजून पुष्कळ आहे. मिशन हॉस्पिटलातल्या सिस्टर, वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायला आलेले विलायती मास्तर. आठवेल तसं खाली लिहीन. तुमच्याही आजोबांचे असे नात्याबाहेरचे नातेवाईक असतील तर जरूर लिहा.

सोनचाफा

वाचताना दोनदा थांबले. कार्ड पदरात बांधून येणारी म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाहीये. तात्यांना नमस्कार.

लहानरूळ

माणगंगाताई, फार मोलाचं लिहिलंत. या लाईनवर माझा जीव आहे म्हणून थोडी भर घालतो. बार्शी लाईट १८९७ साली आधी बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव एवढीच सुरू झाली. बार्शीची पेठ मोठी आणि मोठ्या लाईनने गावाला बगल दिलेली, हे कारण. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं गेलं. ती बांधणारा एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंजिनिअर. लहान रुळावर भरपूर वजन कसं न्यायचं हे त्याने इथे करून दाखवलं, प्रत्येक आसावर सारखा भार टाकून. हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला.

मिरज जंक्शनात एकेकाळी तिन्ही रूळ होते, मोठा, मीटर आणि लहान. पुणे-मिरज मोठी झाली ती ७१ च्या सुमारास. त्यामुळे तुमच्या तात्यांनी तिन्ही गाड्या एका आवारात बघितल्या असणार.

आषाढीला ही गाडी कशी चालायची त्याबद्दल काही सांगायचे का ते? टपावर बसलेल्या वारकऱ्यांचे फोटो मी पाहिलेत.

माणगंगा

लहानरूळ, माहितीबद्दल मनापासून आभार. आसांवरच्या भाराचं तात्या वेगळ्या शब्दांत सांगायचे, "गाडी लहान, पण पाठ मजबूत."

आषाढीत त्यांना घरी यायला मिळायचंच नाही. जादा गाड्या, डब्यांत माणसं, टपावर माणसं, दोन डब्यांच्या मध्येही माणसं. गार्डाने हिरवा झेंडा दाखवायच्या आधी टपावरच्यांना खाली वाका म्हणून ओरडत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. वरून अभंग चालू, त्यात त्यांचा आवाज कुठे पोचायचा! मग ते शिट्टी सोडून स्वतःच मोठ्याने "पुंडलिक वरदे" म्हणायचे. सगळे हात जोडायला वाकायचे, तेवढ्यात झेंडा. माई म्हणायच्या, वारी माझी आणि पुण्य ह्यांना.

गल्लीतला

मी मिरजेचा, याच भागात वाढलो. तुमचे चाचा कोण ते ओळखलं, नाव लिहीत नाही. त्यांच्या दुकानात जवारी चालू असली की आम्हा पोरांना बाहेर चपला न वाजवता जायची ताकीद असायची.

उरुसाचं लिहिलंत म्हणून एक सांगतो. मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आमच्या गावात हे कुणाला मुद्दाम समजावून सांगावं लागत नाही. गणपतीची मिरवणूक त्याच रस्त्यांवरून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मध्यंतरी वाईट दिवसही आले, ते नाकारत नाही. त्या दिवसांत तुमचे तात्या चाचांच्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. सकाळ ते संध्याकाळ. पेपर एकच होता.

माणगंगा

गल्लीतला, हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. आत्ता आत्याला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तरीच तेव्हा जेवायचा डबा तिकडे पोचवायला लावला होता."

चंद्रभागा

लेख आवडला, तरी एक गोष्ट मनात आली ती लिहितेच. या सगळ्या मैत्र्या पुरुषांच्या. नोकरी गेली, दोन खोल्यांत पाच मुलं, परक्या गल्लीत संसार. तो ओढला माईंनी. माळकरी बाईला तिथे राहताना काय वाटलं असेल? त्यांच्या वाट्याला दोनच ओळी आल्या.

माणगंगा

चंद्रभागा, बरोबर बोललात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माईंना सुरुवातीला फार जड गेलं. पहिले काही महिने त्या चाचींच्या घरचं पाणीही घ्यायच्या नाहीत. चाचींना ते कळत होतं आणि त्यांनी कधी तोंडदेखलाही आग्रह केला नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी मात्र त्या न चुकता माईंच्या उंबऱ्यावर ओल्या शेंगा, रताळी आणि केळी ठेवायच्या. सगळं कच्चं आणि सालासकट, म्हणजे सोवळ्याचा प्रश्नच नको. चाचींना शाळा ठाऊक नव्हती, पण एकादशी कधी हे त्या तात्यांना विचारून ठेवायच्या.

माईंनी तिथे शेवया करून विकायला सुरुवात केली. रमजान ईदला अख्ख्या गल्लीला शेवया लागतात, आणि माईंच्या हाताची शेवई केसासारखी. पहिल्या वर्षी चाचींनीच घरोघर सांगून मागण्या आणल्या. दोघी जणी पाट मांडून एकत्र बसायच्या, एक वळायची, एक वाळत घालायची. पाचही मुलांच्या शाळेचा खर्च त्या शेवयांतून निघाला, भोपळ्यांतून नाही. हे तात्या स्वतः सांगायचे. तात्यांना परत कामावर घेतल्यावरही माईंनी शेवया बंद केल्या नाहीत. पैशाची गरज तेव्हा तेवढी नव्हती. चाची बसतात म्हणून मी बसते, म्हणायच्या.

माई २००३ ला गेल्या. शेवटच्या आजारात त्यांना चाचींच्या हातची पातळ खिचडीच लागायची. हो, तेव्हा पाण्याचा प्रश्न कधीच मागे पडला होता. मिशन हॉस्पिटलातल्या ज्या सिस्टरांचा मी उल्लेख केला, त्या तेव्हा निवृत्त झालेल्या, पण रोज येऊन माईंना अंघोळ घालून जायच्या. त्यांची ओळख फार जुनी. त्या नव्या होत्या तेव्हा नाईट ड्युटी संपवून पहाटेच्या गाडीने कवठ्याला आईकडे जायच्या आणि त्यांना डब्यात झोप लागायची. तात्या कवठे आलं की खिडकीवर झेंड्याची काठी वाजवून उठवायचे. एवढीच सुरुवात.

चंद्रभागा

आता माई दिसल्या. धन्यवाद.

लालबाग

माझे आजोबा गिरणीत, परळला. आम्ही कोकणातले, आजोबा गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. त्यांचा जोडीदार शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, तेलुगू पद्मशाली. दोघांना एकमेकांची भाषा धड यायची नाही, आणि साचेखात्यात आवाज एवढा की भाषेचा तसाही उपयोग नाही. सगळं खुणांनी आणि ओठांनी. त्यामुळे घरी आले तरी दोघं खुणांनीच बोलायचे, आजी चिडायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि गिरणी पुन्हा काही नीट सुरू झाली नाही. आमच्याकडचे बहुतेक जण गावी परतले. हा जोडीदार भिवंडीला यंत्रमागावर लागला आणि महिन्याभरात येऊन आजोबांना घेऊन गेला. मालकाला सांगितलं, हा माझा भाऊ. मालक म्हणाला, भाऊ कसा, तो मराठी. तर म्हणाला, आई वेगळी. आजोबांनी हे मरेपर्यंत दर गणपतीत सांगितलं. त्यांच्या घरचे अजून आमच्याकडे गौरीजेवणाला येतात, आता चौथी पिढी.

षड्ज

मी गाते, तंबोरा मिरजेचाच आहे. भोपळ्याबद्दल एक भर. शेतात फळ धरतं तेव्हापासून शेतकरी त्याच्याकडे वाद्य म्हणूनच बघतो. खाली गवत-पेंढा घालून ते नीट बसवतात, म्हणजे बूड एका बाजूला कलत नाही. मनासारखा गोल, जाड सालीचा, मोठा भोपळा सगळ्या वेलांना येत नाही. बायकांच्या तंबोऱ्याला त्यातल्या त्यात लहान, पुरुषांच्या खर्जाला मोठा. तात्यांनी घासलेला भोपळा आत्या अजून वाजवतात हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना सांगा, पावसाळ्यात खोळीत कोंडून ठेवू नका, वारा लागू द्या.

लीड्सवासी

कामानिमित्त लीड्सला असतो. लहानरूळ यांनी काल्थ्रॉपचं नाव घेतलं म्हणून लिहितो. बार्शी लाईटची पहिली इंजिनं इथलीच, किटसन कंपनीची. आणि ती भारतात पाठवण्याआधी १८९६ ला इथे न्यूले गावाजवळ तात्पुरते रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली होती. मी त्या भागातून रोज कामाला जातो. आता तिथे काही खूण नाही.

माणगंगाताई, त्या विलायती मास्तरांचं लिहा ना.

माणगंगा

लीड्सवासी, तात्या असते तर तुम्हाला न्यूलेचा पत्ता विचारून पत्र टाकलं असतं!

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीत वाफेची इंजिनं बघत देशोदेशी फिरायचे. ऐंशीच्या दशकात कुर्डुवाडीला आले, परवानगीचा कागद चुकीच्या स्टेशनचा निघाला आणि उन्हात अडकले. तात्यांनी रनिंग रूमवर नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि कागदाचं मार्गी लावलं. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी एक मोठा फोटो पाठवला. तात्या ब्रेकच्या दारात, मागे धूर. सोबत पत्र. तात्यांनी शब्दकोश घेऊन उत्तर लिहिलं आणि मग वीसेक वर्षं पत्रं चालू राहिली. पाऊस, पिकं, नातवंडं, गुडघे. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको गेली तेव्हाचं तात्यांचं पत्र माझ्या बाबांनी पोस्टात टाकायच्या आधी वाचलं होतं. त्यात फक्त ती कोणती भाजी चांगली करायची असं विचारलं होतं. पुढच्या पत्रात मास्तरांनी पानभर त्यावर लिहिलं.

जवळेकर

माझे आजोबा जवळ्याला पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे, होते. लेख आईला वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, "भोपळेवाले गार्ड!" भोपळे भरलेले असले की जवळ्याच्या सांध्यावर गाडी हळू घ्या म्हणून ते आधीच्या फेरीत निरोप ठेवायचे म्हणे. आईचं लग्न ठरलं तेव्हा निमंत्रणपत्रिका लाईनवरच्या सगळ्या स्टेशनांत त्यांनीच गार्डाच्या डब्यातून वाटल्या. त्यातली एक तिने जपून ठेवली आहे, मागे जांभळ्या अक्षरात काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय.

माणगंगा

जवळेकर, कृपा करून त्या पत्रिकेचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे लाईन बॉक्समध्ये तात्यांच्या हातच्या मजकुराची बरीच कार्डं ठेवली आहेत. म्हातारीच्या मुलाने ती सांभाळली होती आणि तेराव्याला पिशवीतून परत आणून दिली. सगळी त्याच पेन्सिलीची. काही ठिकाणी अक्षर फुटून जांभळा डाग झालाय. चुलतभाऊ म्हणतोय लॅमिनेट करून टाकू. इथे कुणाला यातलं कळतं का?

कागदपत्र

लॅमिनेट अजिबात करू नका! मी जुन्या दप्तरांच्या जतनाचं काम करते. शाईच्या पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर ॲनिलीनचा रंग असतो, तो पाण्यात विरघळतो. म्हणून जिभेला लावली की जांभळी उमटते आणि म्हणूनच दमट हवेत फुटते. उष्णतेने आणि डिंकाने ती कायमची खराब होईल. ओल्या फडक्याने पुसू नका, ऊन दाखवू नका, सेलोटेप लावू नका. रबर बँड असेल तर आधी काढा. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात एकेक कार्ड वेगळं ठेवा. तसा कागद मिळेपर्यंत स्वच्छ, कोरा, पांढरा कागद मध्ये घातला तरी चालेल. पत्र्याच्या पेटीत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून सध्या लाकडी कपाटात वरच्या कप्प्यात हलवा. आणि सगळ्यात आधी दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करा, मोठ्या रिझोल्यूशनने. पुसट अक्षरं संगणकावर पुष्कळदा वाचता येतात.

जवळेकर, तुमच्या पत्रिकेलाही हेच लागू.

माणगंगा

फार आभार, चुलतभावाला वेळेत थांबवलं. कार्डं आजच कपाटात हलवते. चाचांचा नातू त्याचा स्कॅनर घेऊन रविवारी येतोय, आत्याही येणार आहे, कारण म्हातारीची भाषा तिला चांगली लागते. लहानरूळ, काही कार्डांवर स्टेशनांचे शिक्के आहेत ते मला वाचता येत नाहीत, तुम्हाला फोटो पाठवले तर चालेल ना?

लहानरूळ

चालेल काय, वाट बघतोय. शिक्क्यांचे फोटो तिरप्या उजेडात घ्या, तारीख उठून दिसते.